‘पंचेचाळीस दिवसांत देतो, मॅडम’

मे २०२३ मधल्या एका रविवारी सकाळी खालच्या काकू वर आल्या. चहा घ्या म्हटलं तर बसल्या नाहीत. “जरा खाली ये, तुला काहीतरी दाखवायचंय,” एवढंच म्हणाल्या. त्यांच्या बाथरूममध्ये कमोडच्या वर, छताला, ताटाएवढा पिवळट डाग पडला होता. मधोमध प्लास्टर फुगलं होतं आणि खाली निळी बादली ठेवलेली. आम्ही दोघी मान वर करून थेंब पडायची वाट बघत उभ्या राहिलो. पडला. काकू काहीच बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

आमचं घर मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, वन बीएचके, कार्पेट ४८० चौरस फूट. इमारत १९८९ ची. सासूबाई त्यात पहिल्यापासून राहतात आणि बाथरूमही पहिल्यापासूनचंच होतं. तेव्हा खरं काम एवढंच होतं : बाथरूम-संडास उखडून नीट वॉटरप्रूफिंग करून घेणं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाच्या बाथरूममधून गळती होत असेल तर खर्च सभासदाचा, त्यामुळे त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

पण मग रोज रात्री जेवताना एकेक वाक्य वाढत गेलं. एकदा तोडफोड करायचीच तर फरशीही बदलू. फरशी बदलायची तर ओटाही काढू. ओटा काढला तर वायरिंगही जुनंच आहे की. दसऱ्यापर्यंत बाथरूमची दुरुस्ती अख्ख्या घराची झाली होती आणि आमच्याकडे त्यासाठी साडेसहा लाख रुपये होते. शेवटी ९ लाख ३८ हजार गेले. कुठे गेले ते पुढे येईलच.

ऑक्टोबरमध्ये तिघांकडून अंदाजपत्रकं घेतली. दोघांनी प्रत्येक कामाची वेगळी ओळ लिहून दिली होती. तिसऱ्याचं कागदपत्र सुटसुटीत होतं, एका पानाचं, आणि आकडाही कमी. त्यात लिहिलं होतं : ‘बाथरूम कम्प्लीट’, ‘किचन कम्प्लीट’, ‘इलेक्ट्रिक कम्प्लीट’. आम्हाला तो शब्द फार आवडला. त्याने वरून सांगितलं, “पंचेचाळीस दिवसांत देतो, मॅडम.” आम्ही त्यालाच काम दिलं.

‘कम्प्लीट’मध्ये नळ नव्हते, कमोड नव्हता, टाइल्सची किंमत नव्हती, डेब्रिज म्हणजे तोडफोडीचा राडारोडा उचलणं नव्हतं, दरवाजा नव्हता. हे सगळं एकेक करून कळलं, प्रत्येक वेळी तो अगदी शांतपणे म्हणायचा, “वो तो अलग होता है.” त्याला फसवणूक म्हणता येणार नाही, आम्ही विचारलंच नव्हतं. आता कुणी विचारलं तर मी सांगते, वहीचं पान घ्या, आणि प्रत्येक खोलीत उभं राहून छतापासून खालपर्यंत जे दिसतं ते लिहा. समोर तीन रकाने : मजुरी कोणाची, माल कोणाचा, कंपनी कुठली. आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्या. आम्ही चाळीस टक्के आधीच देऊन बसलो होतो, त्यानंतर आमच्या फोनला त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी यायला लागलं.

सोसायटीची परवानगी ही दुसरी गोष्ट, जी आम्ही एका सहीचं काम समजत होतो. आमच्याकडे कमिटीची मीटिंग महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. ५ नोव्हेंबरला ती झाली आणि आम्ही अर्ज दिला ७ तारखेला. मधे दिवाळी, पुढची मीटिंग ३ डिसेंबरला. पत्र हातात पडलं ९ डिसेंबरला. अर्जासोबत द्यावं लागलं ते असं : कामांची यादी, घराचा साधा नकाशा आणि त्यावर काय बदलणार त्याची खूण, कामगारांच्या आधार कार्डांच्या प्रती, कॉलम-बीमला हात लावणार नाही असं हमीपत्र, आणि २५,००० रुपयांचा परत मिळणारा डिपॉझिटचा चेक. कामाची वेळ सकाळी ९ ते १ आणि दुपारी ३ ते ६. रविवारी बंद. लिफ्टमधून डेब्रिज न्यायचं नाही.

याच काळात नवऱ्याच्या डोक्यात ओपन किचन शिरलं होतं. हॉल आणि किचनमधली भिंत पाडायची. कंत्राटदार म्हणाला, “एक दिन का काम है.” सेक्रेटरी काकांनी मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, असा हट्ट धरला. इंजिनिअरने ५,००० रुपये घेतले आणि अर्ध्या तासात समजावलं. भिंत साडेचार इंची विटांची आहे, इमारतीचा भार तिच्यावर नाही. पण मुंबई महापालिकेच्या कायद्यातल्या कलम ३४२ नुसार जी किरकोळ दुरुस्ती परवानगीशिवाय चालते, म्हणजे फरशी बदलणं, प्लास्टर, रंग, संडास-बाथरूमची दुरुस्ती, ड्रेनेजचे पाइप, नळ किंवा विजेच्या फिटिंग बदलणं, त्यात भिंत पाडणं येत नाही. त्यासाठी आर्किटेक्टमार्फत रीतसर जावं लागतं. बाथरूमची जागा बदलायची असली तरी तेच. भिंत राहिली. ते ५,००० रुपये या सगळ्या खर्चातले सर्वात सत्कारणी लागलेले पैसे होते, कारण तीस वर्षांच्या पुढच्या इमारतीचं दर काही वर्षांनी ऑडिट होतंच, आणि तेव्हा ‘इथली भिंत कुठे गेली’ हा प्रश्न मला ऐकायचा नव्हता.

८ जानेवारी २०२४, सोमवार. नारळ फोडला आणि काम सुरू झालं.

आम्ही घरातच राहायचं ठरवलं होतं. बेडरूम शेवटी करायची, तोवर सामान आणि माणसं तिथे. दाराच्या फटींना ओल्या चादरी लावल्या. नऊ दिवस टिकलो. सिमेंटची धूळ चादरीला जुमानत नाही, ती डाळीच्या डब्यात जाते, कपाटातल्या साड्यांच्या घडीत जाते. संडासासाठी शेजाऱ्यांकडे जावं लागत होतं आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंनी त्या लाजेने पाणी पिणंच कमी केलं होतं. हे मला नवव्या दिवशी कळलं. रात्री त्यांना खोकल्याची ढास लागली, तेव्हा मी जवळ बसून पाणी दिलं तर म्हणाल्या, “नको गं, परत जावं लागेल.” दुसऱ्या दिवशी एजंटला फोन केला.

घाईत घर मिळतं ते घाईच्या भावात. २४,००० भाडं, एक महिन्याचं भाडं दलाली, ५०,००० अनामत. करार अकरा महिन्यांचा, तीन महिने सोडता येणार नाही अशी अट. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो, ती नोंदणी ऑनलाइन झाली, फी १,००० आणि वर थोडी स्टॅम्प ड्युटी. १८ जानेवारीला आम्ही दोन गल्ल्या पलीकडे गेलो. भाडं आणि दलाली मिळून शेवटी १,२०,००० झाले, आणि हा खर्च आमच्या अंदाजपत्रकात शून्य होता.

बाथरूम उखडल्यावर खाली काय आहे ते दिसलं. जुन्या बांधकामात संडासाचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी, म्हणजे ब्रिकबॅट कोब्याने, भरलेला असतो. आमचा कोबा काळा पडला होता. मजुराने मूठभर उचलून पिळला तर पाणी निघालं. पस्तीस वर्षं आमची आंघोळ तिथे साठत होती. वरवर केमिकल मारून हे भागलं नसतं, सगळा कोबा स्लॅबपर्यंत काढला. घरातून एकूण १४३ गोण्या डेब्रिज निघालं. जिन्याने उतरवायचे गोणीला ३० रुपये, टेम्पो वेगळा. टेम्पोवाल्याला कुठे टाकणार ते आधी विचारा. खाडीकाठी रात्री नेऊन टाकणारे असतात, आणि पकडला गेला तर पत्ता तुमचा निघतो. आम्ही आधी वॉर्ड ऑफिसात चौकशी केली आणि मगच गाडी ठरवली.

पाइप टाकायला आले ते प्लंबरमामा, मूळचे साताऱ्याकडचे, कमी बोलणारे. आल्या आल्या त्यांनी विचारलं, “ताई, कमोड कुठला?” आम्ही म्हटलं, बघतोय अजून. त्यांनी पिशवी परत खांद्याला लावली. कमोडच्या भोकाचं भिंतीपासूनचं अंतर मॉडेलप्रमाणे बदलतं, कुठे नऊ इंच तर कुठे बारा. शॉवरचा डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारी चावी, तर भिंतीच्या आतच बसतो. या वस्तू हातात असल्याशिवाय पाइप टाकता येत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. चार दिवस फुकट गेले. त्यात शनिवारी दुकानात उभ्या उभ्या घाईने कमोड घेतला, तो मला अजूनही आवडत नाही.

मामांनी मात्र एक गोष्ट शिकवली. पाइप बसल्यावर, प्लास्टर व्हायच्या आधी, त्यांनी टेप भिंतीला धरला आणि म्हणाले, “फोटो काढा. टेपसकट काढा. मी गावाला गेलो की तुम्हीच फोन करणार, मामा, पाइप कुठनं गेलाय म्हणून.” बाथरूमच्या चारी भिंतींचे फोटो काढले. दोन दिवसांनी किचनचे पाइप झाले तेव्हा आम्ही दोघंही ऑफिसात होतो. लक्षात ठेवा हे.

आता पाण्याची परीक्षा. नवीन वॉटरप्रूफिंग झालं की टाइल लावायच्या आधी नहाणीचं, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीचं, तोंड बंद करून बाथरूममध्ये पाणी भरून ठेवतात, निदान ४८ तास. ६ फेब्रुवारीला संध्याकाळी चार इंच पाणी भरलं. मी भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. सकाळी ऑफिसला जायच्या आधी येऊन पाहिलं तर पाणी रेघेच्या बोटभर खाली. कंत्राटदाराला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, पानी सूख जाता है.”

मला ते पटलंही असतं, खिडकी उघडीच होती. पण त्या दिवशी मामा फ्लश टँकचं माप घ्यायला आले होते. त्यांनी काही न बोलता एक बादली आणली, अर्धी भरली, बाथरूमच्या दारातच ठेवली आणि तिच्या आत माझ्याच पेन्सिलने रेघ मारली. बाथरूममध्ये पुन्हा चार इंच भरलं. “उद्या दोन्ही बघा. हवा दोघांना तीच.” दुसऱ्या दिवशी बादलीतली रेघ जवळपास तशीच, केसभर फरक. बाथरूममधलं पाणी पुन्हा बोटभर उतरलेलं. मी दोन्ही रेघांचा फोटो कंत्राटदाराला पाठवला. अर्ध्या तासात तो स्वतः आला, एरवी दुसऱ्या दिवशी फोन उचलणारा माणूस.

गळती नहाणीचा पाइप कोब्यातून जिथे बाहेर येतो त्या सांध्यात निघाली. दोन वितींची जागा. ती फोडून, सांधा भरून, कोट पुन्हा मारून, वाळवून, १४ फेब्रुवारीला परत पाणी भरलं. या वेळी दोन दिवस मी टॉर्च घेऊन काकूंच्या बाथरूममध्ये जाऊन छत बघत होते. १६ तारखेला बादली आणि बाथरूम दोन्ही सारखे. तेव्हाच कंत्राटदाराचा पुढचा हप्ता दिला. त्या दिवसापासून आमचे सगळे हप्ते काम तपासूनच गेले.

पंचेचाळीस दिवसांतले एकोणचाळीस संपले होते आणि घरात एकही टाइल लागली नव्हती. मग परीक्षा आली. आमची नाही, चौथ्या मजल्यावरच्या मुलीची, बारावीची. बोर्डाचे पेपर २१ फेब्रुवारीपासून होते. तिच्या वडिलांनी कमिटीला पत्र दिलं आणि आमच्यावर बंधन आलं : परीक्षा संपेपर्यंत ड्रिल नाही, कटर मशीन नाही, हातोडा नाही. मला राग यायला हवा होता, पण माझ्याही बारावीच्या वेळी शेजारी बोअरवेल खणत होते. टाइल कापल्याशिवाय लागत नाही, त्यामुळे महिनाभर फक्त छताचं प्लास्टर आणि त्यावर पाणी मारणं एवढंच चाललं. नशिबाने वायरिंगसाठी भिंती जानेवारीतच कोरून झाल्या होत्या : दिव्यांना दीड, प्लगना अडीच, गिझर आणि एसीला चार स्क्वेअर एमएमची वायर, आणि मेन बोर्डात शॉकपासून वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. यातलं काहीही आता दिसत नाही आणि यात काटकसर करू नका, एवढंच त्याबद्दल सांगते.

२० मार्चला मुलीचे पेपर संपले. पेढे घेऊन ती स्वतः आली. मी टाइल मिस्त्रीला फोन लावला, तर तो गोरखपूरच्या गाडीत. होळी २४ ला होती. “पाडवे तक आ जाऊंगा.” आला तो ८ एप्रिलला, पाडव्याच्या आदल्या दिवशी. आम्ही भाड्याच्या घराच्या खिडकीला गुढी उभारली. मुंबईत काम काढायचं तर ते दिवाळीनंतर लगेच, नोव्हेंबरच्या मध्यावर काढावं, म्हणजे बोर्डाच्या परीक्षा आणि होळी दोन्हींच्या आत संपतं. हे आम्हाला कुठल्याही कारागिराने सांगितलं नाही, कॅलेंडर आमच्याही भिंतीवर होतंच.

टाइल्सचं वेगळंच. गुजरातमधल्या मोरबीचा माल, दुकान ओळखीचं. दोन बाय दोनच्या खोक्यात चार नग, साधारण साडेपंधरा चौरस फूट. दुकानदार म्हणाला दहा टक्के जास्त घ्या, आम्ही पाच टक्के घेतल्या. फरशीला पुरल्या. किचनच्या भिंतीच्या टाइल्समधला शेवटी एकच अख्खा नग उरला, आणि मी स्वतःच्या हिशेबावर खूश झाले.

२७ एप्रिल, शनिवार. सुतार किचनमध्ये भांड्यांचा रॅक लावत होता. त्याने विचारलं, “इधर पाइप है क्या?” मी फोनमध्ये फोटो शोधायला लागले. बाथरूम उत्तरेची भिंत, बाथरूम पूर्वेची भिंत, नहाणी, टेप, टेप, टेप. किचनचा एकही नाही. मी मामांना फोन लावत होते तेवढ्यात ड्रिलचा आवाज बदलला आणि भिंतीतून पिचकारी सुटली. सुतार दोन्ही तळवे भोकावर दाबून उभा, पाणी त्याच्या कोपरांवरून नव्या ट्रॉल्यांमध्ये, आणि मी गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करायला जिन्याने धावतेय. आमच्या लाइनला घरात वेगळा कॉक लावायचं राहिलं होतं. तो नंतर लावला, ३५० रुपयांत.

पाइप जोडायला दोन टाइल्स फोडाव्या लागल्या. उरली होती एक. दुकानात त्याच नावाचं, त्याच नंबरचं खोकं मिळालं, पण बॅच वेगळी. खोक्याच्या बाजूला बॅच आणि शेड छापलेलं असतं, ते सगळ्या खोक्यांवर एकच आहे ना हे घेतानाच बघायचं असतं. आमची नवी टाइल कणभर गुलाबी झाक मारते. मिक्सरच्या मागे आहे, पाहुण्यांना दिसत नाही. मला दिसते. साडेचारशे रुपयांचं एक खोकं जास्त घेतलं असतं तर झालं असतं.

शेवटच्या पंधरवड्यात सगळे एकदम घरात : रंगारी, सुतार, इलेक्ट्रिशियन. बेडरूमची एक भिंत ओलसर असतानाच तिच्यावर पुट्टी चढली आणि महिनाभरात तिथे फोड आले, ते परत खरवडून करावं लागलं. ओट्याची उंची मात्र जमली. कडाप्पा बसवायच्या आधी सासूबाईंना उभं करून, कोपर वाकवायला लावून, पोळपाटाखाली पुस्तकं रचून माप घेतलं. बत्तीस इंच. मिस्त्री म्हणत होता सगळे चौतीस ठेवतात. सगळे ठेवोत, आमच्याकडे पोळ्या आई करतात. बाथरूमची फरशी खरखरीत घेतली, तीही त्यांच्यासाठीच. चकचकीत मलाच हवी होती.

१० मे, अक्षय्यतृतीयेला दूध उतू घालून परत राहायला आलो. पंचेचाळीसाचे १२३ दिवस झाले होते. कंत्राटदाराचे दहा टक्के पैसे आम्ही दिवाळीपर्यंत राखून ठेवले. त्याने कुरकुर केली, पण बेडरूमचे फोड काढायला जूनमध्ये माणूस पाठवला तो त्यामुळेच.

डिपॉझिट परत मिळायला जुलै उजाडला. सेक्रेटरी काका आणि वॉचमन मिळून जिना बघून गेले. दुसऱ्या मजल्यावर एका पायरीचा कोपरा गोणीच्या धक्क्याने उडाला होता, त्याचे २,००० कापले आणि २३,००० चा चेक दिला. काम सुरू व्हायच्या आधी जिन्याचे फोटो काढले असते तर तो कोपरा कधी उडाला ते सांगता आलं असतं. मला वाटतं तो आधीपासूनच उडालेला होता, पण कोण जाणे.

काकूंच्या छताचं प्लास्टर आणि रंग आम्ही करून दिला, साडेसहा हजारांत. ऑगस्टमध्ये श्रावणी सोमवारचा प्रसाद घेऊन गेले तेव्हा त्यांनी न विचारताच बाथरूमचा दिवा लावला. छत पांढरंशुभ्र, कोरडं. खाली निळी बादली तिथेच.

“आता काढा की काकू ती.”

“असू दे गं,” त्या म्हणाल्या, “राहू दे अजून थोडे दिवस.”